नदीपुरते टायर

आत-बाशीहून चीनच्या हद्दीकडे जाणारा रस्ता गाव सोडतो तिथं डाव्या हाताला माझं टायरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक जुना लोखंडी कंटेनर, पुढं पत्र्याची शेड, हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि मी. चोवीस वर्षं झाली. टायरची झीज बघून गाडी कुठं फिरते ते मला सांगता येतं, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असतो. बहुतेकदा ते खरंही असतं.

असिलकान आमच्या भागातली जनावरांची डॉक्टर. शाळेत आम्ही दहा वर्षं एका वर्गात होतो, त्यामुळे ती मला अजून नावानं आणि एकेरीतच हाक मारते. तिच्याकडं एक जुनी जपानी जीप आहे, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेली, चारही चाकांना ताकद जाणारी. त्या जीपनं ती सव्वीस कुरणं फिरते. तिची जीप माझ्याकडं वर्षातून चार-पाच वेळा यायची, पण ती पंक्चरसाठी. गेल्याच्या मागल्या वर्षी मार्चमध्ये ती आली तेव्हा चारही टायर चांगले होते आणि तरी तिला नवे पाहिजे होते. मोठे.

कारण मला ठाऊक होतं, गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्याच्या आदल्या वर्षी मे महिन्यात काशका-सू नदीपलीकडं इमानाली नावाच्या मेंढपाळाची घोडी अडली होती. असिलकान दुपारी काठावर पोचली तोवर डोंगरावरचं बर्फाचं पाणी उतरलं होतं. जीप पाण्यात घालायची सोयच नव्हती. इमानालीनं तिला न्यायला पलीकडून घोडा घातला, तो पोटापर्यंत पाणी लागल्यावर माघारी वळला. घोडी पलीकडच्या काठावर आडवी पडलेली, सगळ्यांना दिसत होती. मग असिलकाननं अलीकडून ओरडून सांगायला सुरुवात केली, आणि इमानालीची बायको बुरुलचा पलीकडं कोपरापर्यंत हात घालून शोधायला लागली. पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकू जायचं नाही. असिलकान स्वतःचा हात दुमडून, सरळ करून दाखवायची, पिल्लाचा पाय असा मागं वळलाय, तो असा पुढं घे म्हणून. दीड तास हे चाललं. शिंगरू जिवंत निघालं. घोडी रक्त जाऊन मेली. असिलकान संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होती, असं तिच्याबरोबर गेलेल्या कंपाउंडरनं सांगितलं. तिनं स्वतः कोणाला काही सांगितलं नाही.

तर मार्चमध्ये ती आली आणि म्हणाली, "एसेनकुल, मला मोठे टायर पाहिजेत."

"किती मोठे?"

"काशका-सू ओलांडता येईल एवढे."

मी म्हटलं, नदी मापात सांग. तिनं मांडीच्या मध्यावर हात ठेवला. "सकाळी इथपर्यंत." मग हात कमरेवर नेला. "दुपारी इथपर्यंत."

दुपारचं विसर, मी तिला सांगितलं. कमरेइतक्या वाहत्या पाण्यात जीप नेणारा टायर अजून कोणी काढलेला नाही. सकाळचं बोलू. तिच्या गाडीला एकोणतीस इंची टायर होते. बत्तीस घातले तर गाडी तीन इंच वर जाईल, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. जमीन ते चाकाचा मध्य एवढाच हिशोब असतो, म्हणजे वाढलेल्यातलं निम्मंच पदरात पडतं, दीड इंच. उरलेली उंची स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून काढावी लागते. शिवाय चाक मोठं झालं की इंजिनाला ते जड होतं, चढावर गाडी हाशहुश करते, पेट्रोल जास्त पिते, आणि काटा साठ दाखवतो तेव्हा गाडी सहासष्टनं पळत असते. स्टेपनी जुन्या जागी बसत नाही ती वेगळीच. हे सगळं मी सांगितलं, कारण न सांगता टायर विकले की महिन्यानं माणूस परत येतो आणि तेव्हा तो गिऱ्हाईक नसतो.

ती सगळं ऐकून म्हणाली, "चालेल. दाखव."

तेवढ्यात तिचा नवरा दोरोनबेक आला. तो शाळेत खेळाचा मास्तर. धिप्पाड माणूस, आवाज मैदानावरचा. आमच्या वर्गमैत्रिणीचा नवरा म्हणून मी त्याला दाजी म्हणतो आणि तो मला मेव्हणे म्हणतो. दोन्हीत थोडी चेष्टा असते. त्यानं खिशातून फोन काढून मला एक फोटो दाखवला. राजधानी बिश्केकमधल्या कुणाच्या तरी गाडीचा होता. तेहतीस इंच उंच, साडेबारा इंच रुंद टायर, मडगार्डच्या बाहेर आलेले, दात मुठीएवढे.

"असे पाहिजेत," तो म्हणाला. "गाडी दारात नुसती उभी असली तरी येणाऱ्या-जाणाऱ्यानं थांबून बघितलं पाहिजे."

"दाजी, बघायला पाहिजेत की चालायला?"

"चालतानाही बघतील की."

पैसे त्याचे होते, हे इथं सांगायला पाहिजे. फेब्रुवारीत त्यानं आपला काळा घोडा, बुर्कुत, रविवारच्या जनावरांच्या बाजारात विकला होता. घोड्यांवरून खेळायच्या कोक-बोरूच्या मैदानात बोकडाचं धड ओढून नेताना त्या घोड्याला आडवं जायची हिंमत दोन तालुक्यांत कोणाची नव्हती. पण दोरोनबेकचे गुडघे गेले होते, दोन वर्षं तो मैदानात उतरला नव्हता, आणि घोडा गोठ्यात उभा राहून गवत खात होता. नवरा-बायकोनं बसून ठरवलं आणि विकला. भांडण झालं नाही म्हणतात.

मी दोघांना कंटेनरमध्ये नेलं. माझ्याकडं चार टायरचा एक संच होता, पावणेबत्तीस इंच उंच आणि सव्वानऊ इंचच रुंद. सैन्याच्या जुन्या गाड्यांना असायचे तसे, उंच आणि सडपातळ. दोरोनबेकनं ते बघून तोंड वाकडं केलं. सायकलीचे आहेत का, विचारलं.

मी त्याला समजावलं की प्रश्न पाण्याचा आहे. टायर म्हणजे हवा भरलेला पोकळ डबा. तो जितका रुंद तितका पाणी त्याला वर ढकलतं. गाडी हलकी, टायर रुंद, पाणी जोरात, की चाकं तळ सोडतात आणि मग स्टिअरिंग हातात असूनही काही उपयोग नसतो. सडपातळ टायर पाणी कापतो आणि तळाला जाऊन बसतो.

"टायर आहे का बदक?" दोरोनबेक म्हणाला.

"पाण्यात गेल्यावर बदकच, दाजी. आणि रुंद बदक लवकर तरंगतं."

असिलकान हसली नाही. ती खाली बसून सडपातळ टायरच्या दातांत बोटं घालून बघत होती. तिनं एकच प्रश्न विचारला. "तळाला गोटे आहेत, डोक्याएवढे. गोट्यांवर कुठला धरतो?"

"हा."

"मग हाच."

दोरोनबेक शेडबाहेर जाऊन रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, आता जाईल. पण मी गाडी जॅकवर घेतली तेव्हा तो परत आला, बाह्या वर केल्या आणि चाकाचे नट सोडवायची टामी हातात घेतली. दिवसभर तो माझ्याबरोबर होता. पाट्यांखाली ठोकळे घातले, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चाक कुठं घासतं ते खडूनं आखून मडगार्डची आतली कड कापली. दुपारी माझी बायको शेकेर चहा आणि तळलेले बोरसोक घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला विचारलं, वहिनी, हे टायर दिसतात कसे? शेकेर म्हणाली, काळे. त्यावर तो थोडासा हसला.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात इमानालीनं टेकडीवर चढून असिलकानला फोन केला. खाली फोन लागत नाही. त्याची धष्टपुष्ट कोकरं, सगळ्यांत चांगली दूध पिणारी, सकाळी उड्या मारत होती आणि दुपारी पाय झाडून मरत होती. दोन दिवसांत चौदा. असिलकानला फोनवरच कळलं, आंत्रविषार. तिनं त्याला सांगितलं की कोवळ्या ओल्या गवतावरून कळप ताबडतोब हलव, वरच्या कोरड्या उतारावर ने, आणि उद्या सकाळी मी लस घेऊन येते. मग तिनं मला फोन केला.

"उद्या पहाटे चार वाजता तयार राहा."

मी विचारलं, माझं काय काम?

"टायर तू बसवलेस ना? मग शेजारी बस."

दोरोनबेक धरून आम्ही तिघं निघालो. मागं लशीच्या बर्फाच्या चार पेट्या, आणि वजन पाहिजे म्हणून खड्या मिठाची चार पोती. मीठ इमानालीला हवंच होतं. काशका-सूच्या काठावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. रात्रीच्या थंडीनं वर बर्फ धरून ठेवलेलं असतं, त्यामुळे पाणी दिवसातलं सगळ्यांत कमी होतं. तरी नदी नदीच होती, चाळीस पावलं रुंद आणि राखाडी. दोरोनबेकनं कमरेला दोर बांधला, हातात काठी घेतली आणि उतरला. मांडीच्या मध्यापर्यंत पाणी, असिलकाननं दाखवलं होतं तेवढंच. तो परत आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते आणि गुडघ्यांतून त्याला नीट उभं राहता येत नव्हतं. गाडी खालच्या अंगाला तिरकी धर, मधे एक मोठा धोंडा आहे तो उजवीकडं ठेव, एवढं त्यानं सांगितलं. पंख्यानं पाणी इंजिनावर उडवू नये म्हणून मी त्याचा पट्टा सैल केला आणि गाडीच्या नाकावर ताडपत्री बांधली.

गाडी असिलकान चालवत होती. पहिल्या गिअरमध्ये, न थांबता. पाणी दाराला लागलं, मग दारातून आत आलं आणि आमच्या पायांखालून फिरायला लागलं. मधोमध पोचल्यावर मागची बाजू वीतभर सरकली. मला ते पाठीत कळलं. चाकाखाली गोटे कर्रकर्र वाजले, टायरनं कुठंतरी पकड घेतली आणि गाडी पुढं झाली. दहा-बारा पावलांनी पाणी उतरलं आणि आम्ही काठ चढून वर आलो.

असिलकाननं गाडी थांबवली, ताडपत्री काढायला.  दोरोनबेक गाडीभोवती एक फेरी मारून आला. पुढच्या टायरला बुटानं हलकेच मारलं.

"चांगले आहेत," तो म्हणाला.

मला फार बरं वाटलं, हे कबूल करतो. गाडी पुढं निघाली तेव्हा मी बोलायला लागलो. मी ट्रॅक्टर स्टेशनवर नोकरीला असताना आमचा एक म्हातारा फोरमन काय म्हणायचा, सडपातळ टायरबद्दल त्याचं काय मत होतं, असं काहीतरी सांगत होतो. वाक्य पुरं व्हायच्या आत गाडीचं नाक खाली गेलं.

नदीपासून दोनशे पावलंसुद्धा आलो नव्हतो. जुनी खडीची वाट आदल्या उन्हाळ्याच्या शेवटी नदीनं खाऊन टाकली होती आणि चाकोरी आता सरळ ओल्या कुरणातून जात होती. वरून हिरवं गवत, खाली दलदल. असिलकान तेव्हापासून या काठाला आली नव्हती. मी तर वीस वर्षांत आलो नव्हतो. जो टायर पाणी कापून तळाला बसतो तो चिखलही कापून तळाला बसतो, आणि त्या चिखलाला तळ नव्हता. एक्सल टेकेपर्यंत आम्ही आत गेलो.

मी चारही टायरची हवा बत्तीस पौंडांवरून पंधरावर आणली. हवा कमी केली की टायर पसरतो, जमिनीवर जास्त जागा धरतो. गाडी दोन हात पुढं गेली आणि पुन्हा बसली, आधीपेक्षा खोल. जॅक लावला तर जॅकच खाली जायला लागला. तिघांचेही कपडे मानेपर्यंत चिखलानं भरले. लशीचा बर्फ वितळत होता, म्हणून असिलकान सारखी पेट्यांना हात लावून बघत होती.

आम्हाला वरून बघून इमानाली घोड्यावरून आला. काटक, कमी बोलणारा माणूस. गाडीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि रात्रीतून आणखी तीन गेली एवढंच सांगितलं. असिलकान त्याच्या मागं घोड्यावर बसली, चारांतली एक पेटी दोघांच्या मधे धरली. निघताना ती आम्हाला म्हणाली, "तुम्हाला दोघांना भांडायचं असेल तर आत्ता भांडून घ्या. नंतर मेंढ्या धरायला माणसं लागतील."

आम्ही भांडलो नाही. गाडीच्या टपावर बसून ओले बूट काढले. थोड्या वेळानं दोरोनबेक म्हणाला, "रुंद असते तर इथून निघाले असते."

"निघाले असते," मी म्हटलं. "पण इथवर पोचले असते का, कोण जाणे."

"कोण जाणे," तोही म्हणाला.

 नदीचा आवाज वाढत चालला होता. बर्फ वितळायला लागलं होतं. मी त्याला सांगितलं की चूक माझी आहे. गिऱ्हाइकानं नदी सांगितली आणि मी नदीपुरते टायर दिले. नदीच्या पुढं जमीन कशी आहे, हे मी विचारायला पाहिजे होतं.  तो वेगळंच बोलायला लागला. बुर्कुत विकला त्या दिवशी बाजारातून तो घरी चालत आला होता. रिकामा लगाम हातात होता. घोडा विकताना लगाम द्यायचा नाही अशी रीत आहे, म्हणून परत आणला होता. वाटेत जो भेटेल तो लगामाकडं बघायचा आणि विचारायचा, घोडा कुठं? घरी येईपर्यंत सात जणांना त्यानं सांगितलं.

"मला नदीचं काही नव्हतं, मेव्हणे," तो म्हणाला. "मला वाटलं, दारातून एवढं जनावर गेलं, तर त्याच्या जागी बघण्यासारखं काहीतरी उभं राहायला पाहिजे. बाकी काही नाही."

 मी हो म्हटलं.

उन्हं वर आली तेव्हा बुरुलचा दोन याक हाकत आली. याकांच्या पाठीवर जुन्या लोकरीच्या तंबूची जाडजूड बुरणुसं आणि तंबूचे चार वासे लादले होते. लहानखुरी बाई, पण नदीपलीकडून आवाज ऐकू जाईल अशी. जवळ येऊन तिनं गाडीभोवती बघितलं आणि विचारलं, या बाजूनं यायचं कोणी ठरवलं?

वाट इकडूनच होती, मी म्हटलं.

"होती. आता नाही. वरच्या अंगाला धोंड्यांच्या कडेनं यायचं, तिथं जमीन धरते." तिनं याकांना गाडीच्या पुढं आणलं. "काल फोनवर मेंढ्यांचं एवढं विचारलं. वाटेचं कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की."

आम्ही बुरणुसं चाकांपुढं अंथरायला लागलो. ती दोर बांधता बांधता दोरोनबेककडं वळली. "मास्तर, तुमचा तो काळा कुठंय? तो असता तर नदीतून आणि या चिखलातून नाचत आला असता. डॉक्टरीणबाईंना तासाभरात वर पोचवलं असतं."

दोरोनबेक वासा चिखलात दाबत होता. तो दाबतच राहिला. मी तिला सांगितलं की घोडा विकला.

"कशाला?"

मी हनुवटीनं टायर दाखवले. तिनं खाली वाकून ते नीट बघितले, एक, मग दुसरा. मग सरळ झाली, "बरं," म्हणाली आणि याकांना हाळी दिली.

याकांनी तीन झटक्यांत गाडी काढली. पुढचा बंपर वाकला, बुरणुसांच्या चिंध्या झाल्या. बुरुलचा काठी टोचत पुढं चालली आणि मी तिच्या मागून धोंड्यांच्या कडेनं गाडी वर नेली. तंबूजवळ पोचल्यावर हवा भरायची होती आणि माझ्याकडं पायानं मारायचा पंप होता. एका टायरला साडेतीनशेच्या वर ठोके. दोरोनबेकचे गुडघे, माझा दम. मधेच इमानालीच्या आईनं आम्हाला मीठ घातलेला दुधाचा चहा पाठवला आणि तिकडून निरोप आला, पंप राहू द्या, मेंढ्या धरा.

आठशे जनावरं. पायात धरायची, मान वळवायची, असिलकान सुई मारायची, पाठीवर खडूची रेघ ओढून सोडायची. पुढची. अशी तीनशेएक झाल्यावर दोरोनबेक मेंढी धरून बायकोला म्हणाला, "बुरुलचा म्हणत होती, बुर्कुत असता तर तुला तासाभरात वर आणलं असतं."

असिलकाननं हात थांबवला नाही. "आणलं असतं. त्याच्या पाठीवर दोनशे डोस आले असते. इथं आठशे आहेत. आणि उद्या मला दुसऱ्या कुरणावर जायचंय."

"चार खेपा केल्या असत्या."

"कोणी? तू? या गुडघ्यांनी?"

 ती मेंढी सुटली आणि त्यानं पुढची धरली. थोड्या वेळानं असिलकान त्याच्याकडं न बघता म्हणाली, "मलाही आठवतो तो. रोज सकाळी दारात गेले की आधी गोठ्याकडं बघते." मग सुई पुढं केली आणि म्हणाली, "नीट धर, हलतीये."

दुपारी नदी कमरेच्या वर गेली होती. आम्ही तिथंच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना, बुरुलचानं दाखवलेल्या वाटेनं, परत अलीकडं आलो. लस लागू पडायला दिवस लागतात. पुढच्या चार दिवसांत आणखी नऊ कोकरं गेली आणि मग मरायची थांबली. इमानालीच्या हिशोबानं हे थोडक्यात निभावलं. आदल्या वर्षी घोडीच्या वेळी मागं राहिलेलं शिंगरू तेव्हा वर्षाचं झालं होतं. त्याला गाईच्या दुधावर वाढवलेलं, त्यामुळे ते गाईंच्यातच चरत होतं आणि घोड्यांना भीत होतं.

त्या उन्हाळ्यात काशका-सूला मोठा पूर आला आणि नदीनं पात्रच बदललं. जिथून आम्ही नदी ओलांडली होती तिथं आता नुसते गोटे आहेत, नदी अर्धा मैल पलीकडून वाहते. इमानालीनं पुढच्या वर्षी आपला तळ अलीकडच्या काठाला आणला. तिथं जायला चांगली कोरडी वाट आहे. कुठलेही टायर चालतात.

दोरोनबेक शाळेला सुट्टी असली की असिलकानबरोबर फिरतो. गाडी तो चालवतो, ती शेजारी बसून कागद भरते. तो मेंढ्या धरतो आणि रात्री गुडघ्यांना अस्वलाची चरबी चोळतो, असं शेकेरला असिलकाननं सांगितलं.

या मार्चमध्ये जीप माझ्याकडं आली होती. असिलकान विचारत होती, पेट्रोल फार खाते, जुन्या मापाचे टायर परत घालू का? मी खाचा मोजल्या. निम्म्याहून जास्त शिल्लक होत्या. झिजेपर्यंत वापर, मी म्हटलं. तिनं दोरोनबेककडं बघितलं. तो स्टिअरिंगवर बसूनच म्हणाला, "राहू देत. आता सवय झालीये."

तेव्हा ती कुत्र्यांना रेबीजची लस टोचायला गावोगाव फिरत होती. सगळा डांबरी रस्ता. डांबरावर त्या दातांचा गुंगुं असा आवाज होतो, तो बराच आधी ऐकू येतो. आवाज आला की लोक आपापली कुत्री घरात घेऊन दार लावतात. त्यामुळे हल्ली दोघं गाडी गावाबाहेर उभी करतात आणि पेटी घेऊन चालत आत जातात.